मालिकेवरून कादंबरी लिहायची म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जादूच्या अंगानं जाणाऱ्या एका विनोदी मालिकेवर छोट्या पेपरबॅक कादंबऱ्या काढायचं एका प्रकाशकाच्या मनात आहे. लिहायचं काम तुमच्याकडे आलंय आणि तीन गोष्टींवर तुमचं घोडं अडलंय. एपिसोड तसेच गद्यात उतरवायचे की नवी गोष्ट रचायची? पडद्यावर हसवणारं कागदावर हसवेल का? आणि असलं 'दुसऱ्याच्या पात्रांवरचं' काम केलं म्हणून पुढे आपलं लेखन कमी प्रतीचं मानलं जाईल का? मी बरीच वर्षं विनोदी मालिकांच्या संहिता लिहितोय आणि मालिकांवरून पुस्तकंही केली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो: नवी गोष्ट रचा. एपिसोड उतरवू नका, प्रकाशक तेच मागत असला तरी त्याचं मन वळवा. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वजा केल्या की हातात बावीस-तेवीस मिनिटं उरतात. त्याची संहिता गद्यात नीट लिहिली तर पाच-सहा हजार शब्द होतात. खिशात मावणारी कादंबरी म्हटली तरी पस्तीस-चाळीस हजार शब्द हवेत. म्हणजे एकतर एका भागाला पाणी घालायचं, नाहीतर सात भाग एकापुढे एक शिवायचे. पण मालिकेचा प्रत्येक भाग शेवटी सगळं पूर्वपदावर आणून ठेवतो. त्यामुळे सात भाग शिवलेत की वाचकाला सात वेळा हिसका बसतो: गोष्ट संपली, परत सुरू, परत संपली. कादंबरी वाचताना हा हिसका फार जाणवतो.

अमेरिकेत या पुस्तकांची मोठी परंपरा आहे. तिचा भर 1960 आणि 1970 च्या दशकांतला, आणि त्यामागचं कारण तुमच्या कामाशी थेट संबंधित आहे. टीव्हीवरचं घरी टेप करून ठेवायचं सोनीचं बेटामॅक्स यंत्र 1975 मध्ये आलं, व्हीएचएस त्यानंतर. त्याआधी आवडलेला भाग पुन्हा बघायचा तर वाहिनीनं पुन्हा दाखवेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आवडती माणसं हवी तेव्हा भेटावीत तर पुस्तक हाच रस्ता. म्हणून औषधांच्या दुकानांत, बस स्थानकांवर, तारेच्या फिरत्या स्टँडवर ही पुस्तकं असायची: मुखपृष्ठावर नटनट्यांचा फोटो, आत सव्वाशे-दीडशे पानं, किंमत 50-60 सेंटच्या घरात. तेव्हा एपिसोड नुसता शब्दांत उतरवून दिला तरी वाचकाला त्याचं मोल होतं. तुमच्या वाचकाच्या फोनवर मात्र सगळे भाग पडलेले आहेत. त्याला आठवणीचा आधार नकोय, पडद्यावर न मिळालेलं काहीतरी हवंय. तेव्हाच्या लेखकांची हिकमत जरूर शिका, पण त्यांची ही सवलत तुम्हाला मिळणार नाही.

या परंपरेतलं सगळ्यात महत्त्वाचं नाव विल्यम जॉन्स्टन (1924–2010). आपल्याकडे ते जवळजवळ कुणालाच माहीत नाही, आणि मला त्याची खरंच हळहळ वाटते. 'द मॅरेज केज' या 1960 च्या कादंबरीला रहस्यकथांच्या एडगर पुरस्काराचं नामांकन मिळालेला हा माणूस पुढे मालिकांवरच्या पुस्तकांकडे वळला आणि शंभराच्या आसपास पुस्तकं लिहून गेला. 'गेट स्मार्ट', 'द फ्लाइंग नन', 'नॅनी अँड द प्रोफेसर', 'द ब्रेडी बंच', 'हॅपी डेज', 'वेलकम बॅक, कॉटर' अशा एकमेकींशी काहीही नातं नसलेल्या मालिका त्यानं हाताळल्या. इतरही होते. अल हाइन यांचं 'बिविच्ड' डेलनं 1965 मध्ये काढलं, त्याच वर्षी जॅक शार्की यांचं 'द अ‍ॅडम्स फॅमिली' पिरॅमिडकडून आलं. मायकेल अ‍ॅव्हलोन वगैरे मंडळींनी 'पार्ट्रिज फॅमिली'च्या गाणाऱ्या कुटुंबाला रहस्यकथांत नेऊन सोडलं. पण सातत्य बघायचं तर जॉन्स्टनकडेच.

त्याची 'गेट स्मार्ट'ची माला बघा. मेल ब्रूक्स आणि बक हेन्री यांनी रचलेली ही हेरगिरीची फिरकी 1965 च्या सप्टेंबरमध्ये एनबीसीवर सुरू झाली. डॉन अ‍ॅडम्सनं केलेला मॅक्सवेल स्मार्ट, म्हणजे एजंट 86, आत्मविश्वासानं ठासून भरलेला आणि अकलेनं बेताचा. सोबत बार्बरा फेल्डनची एजंट 99, बहुतेक वेळा खरं काम करणारी. ग्रॉसेट अँड डनलॅपच्या टेम्पो बुक्समधून 1965 ते 1969 या काळात जॉन्स्टनच्या नऊ कादंबऱ्या आल्या, नव्या कथानकांच्या. नुसती शीर्षकं वाचली तरी त्याची पद्धत दिसते. 'सॉरी, चीफ...', 'मिस्ड इट बाय दॅट मच!', 'अँड लव्हिंग इट!' ही स्मार्टची पालुपदंच आहेत. स्टँडवरून पुस्तक उचलणाऱ्या मुलाच्या कानात मुखपृष्ठ बघताच त्या नटाचा आवाज घुमला पाहिजे, एवढं काम ते शीर्षक करतं. नंतरच्या 'मॅक्स स्मार्ट लूजेस कंट्रोल'मध्ये तर स्मार्टच्या खात्याच्या 'कंट्रोल' या नावावरच कोटी आहे.

पालुपदाबद्दल माझं मत ठाम आहे. मालिकेत ते दर आठवड्याला येतं, मध्ये सात दिवस जातात, त्यामुळे ते जुन्या मित्रासारखं वाटतं. पुस्तक माणूस एका दुपारी वाचून काढतो. तिथे तेच वाक्य बारा वेळा आलं तर वाचक वैतागतो. मी एका पुस्तकात पालुपद तीनदा ठेवतो: एकदा सुरुवातीला, ओळख पटावी म्हणून, एकदा मध्ये, अगदी चुकीच्या वेळी, आणि एकदा दुसऱ्याच कुणाच्या तोंडी. तिसऱ्या वेळी सगळ्यात जास्त हशा येतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पडद्यावरचं कागदावर हसवेल का. यासाठी साधी चाचणी आहे. मालिकेचे चार-पाच भाग डोळे मिटून ऐका. ज्या जागी डोळे मिटूनही हसू आलं त्या जागा कागदाच्या. जिथे घरातले बाकीचे हसले आणि तुम्हाला काहीच कळलं नाही, त्या जागा पडद्याच्या. 'गेट स्मार्ट'मधलीच दोन उदाहरणं घ्या. गुप्त बोलण्यासाठी स्मार्ट आणि त्याचा चीफ एका पारदर्शक घुमटाखाली बसतात, पण त्यात दोघांना एकमेकांचंच ऐकू येत नाही, बाहेरच्यांना मात्र सगळं ऐकू जातं. हा विनोद कागदावर झकास उतरतो, कारण तो संवादात आहे. "काय?" "काय काय?" "मी म्हटलं काय?" असं पानभर चालवता येतं. बुटातला फोन मात्र दिसण्यातला विनोद. भर हॉटेलात गंभीर चेहऱ्यानं माणूस बूट काढून कानाला लावतो, हे बघूनच हसू येतं. लिहिलं की एका ओळीत संपतं. कागदावर तो बूट वापरायचा तर पुढचं काहीतरी घडायला हवं: मंदिराबाहेर चपला-बुटांच्या ढिगात तो वाजायला लागला, किंवा चांभाराकडे दुरुस्तीला दिला आणि त्यानं फोन उचलला. दिसण्याच्या विनोदाला घडण्याचा विनोद करायचं, हे या कामातलं सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात आनंदाचं काम आहे.

तुमची मालिका जादूच्या अंगाची आहे, म्हणून इथे जास्त थांबतो. अशा मालिकेत एक अशक्य गोष्ट असते आणि बाकी सगळं जग अगदी रोजचं असतं. ती अशक्य गोष्ट काय करू शकते यापेक्षा ती काय करू शकत नाही यावर सगळा डोलारा उभा असतो. 'बिविच्ड'ची समँथा चेटकीण आहे, नाक हलवलं की हवं ते घडतं. पण जादू करणार नाही असं वचन तिनं नवऱ्याला दिलंय. शिवाय त्या जगात एका चेटकिणीनं घातलेला मंत्र दुसरीला सहसा सोडवता येत नाही, ज्यानं घातला त्यानंच काढायचा. या दोन अटींवर ही मालिका 1964 ते 1972 अशी आठ हंगाम, 254 भाग चालली. सासू एन्डोरा जावयावर काहीतरी करून बसते, समँथाला ते स्वतः उलटवता येत नाही, म्हणून आईची मनधरणी करावी लागते. म्हणजे जादूच्या गोष्टीत खरी झटापट आई, मुलगी आणि जावयाची. आपल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरजच नाही.

'द फ्लाइंग नन'चा नियम तर मला फारच आवडतो, कारण तो जादूचा नाहीच. सॅली फील्डनं केलेली सिस्टर बर्ट्रिल ही प्वेर्तो रिकोतल्या सॅन टॅन्को मठातली जेमतेम 90 पौंडांची जोगीण. डोक्यावर कडक खळीचं, पंखांसारखं पसरलेलं शिरोवस्त्र, आणि मठ टेकडीवर, वारा भरपूर. वर उचलणारा जोर वजनापेक्षा जास्त झाला की वस्तू उडते, हे तीच मालिकेत समजावून सांगते. म्हणून वारा नसेल तर उडणं नाही, आणि वारा नेईल तिकडे जावं लागतं. लेखकाला यातून किती काय मिळतं बघा: हवामान हेच एक पात्र होतं. मालिका 1967 ते 1970 अशी एबीसीवर चालली. गंमत म्हणजे ती मुळात टेरे रिओस यांच्या 1965 च्या छोट्या कादंबरीवरून आली होती, आणि मालिका गाजल्यावर एस बुक्सनं जॉन्स्टनकडून नवी पेपरबॅक लिहून घेतली. पुस्तकाची मालिका, मालिकेची पुन्हा पुस्तकं, पण दुसऱ्याच लेखकाची. नियम पक्का असला की असा हात बदलला तरी गोष्ट मोडत नाही.

'नॅनी अँड द प्रोफेसर'चा नियम सगळ्यात नाजूक. प्रोफेसरांच्या घरी मुलं सांभाळायला आलेल्या, ज्युलिएट मिल्सनं केलेल्या नॅनीला फोन वाजण्याआधीच कळतं, पण तिच्याकडे जादू आहे का, हे मालिका कधीच सांगत नाही. आता यावर कादंबरी लिहायची तर पहिली शपथ ही, की नॅनीच्या मनात शिरायचं नाही. एकदा का 'तिला जाणवलं की फोन वाजणार' असं लिहिलं की मालिकेचा प्राण गेला. तिला सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं, मुलांच्या किंवा प्रोफेसरांच्या. कॅमेरा आपसूकच बाहेर उभा असतो, गद्याला आत शिरायचा मोह होतो. तुमच्या मालिकेत असं गूढ असेल तर कुणाच्या मनात शिरायचं आणि कुणाच्या नाही, हे पहिली ओळ लिहिण्याआधी ठरवा आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर चिकटवा.

जादू कागदावर फुकट मिळते, हा दुसरा सापळा. 'बिविच्ड'च्या सेटवर एखादी वस्तू गायब करायची तर कॅमेरा थांबवायचा, नटांनी हात वर आहेत तसेच ठेवून गोठून उभं राहायचं, वस्तू उचलायची, पुन्हा कॅमेरा सुरू करायचा. वेळ आणि पैसा दोन्ही जायचे, त्यामुळे लेखक जादू मोजून वापरत. तुम्हाला समुद्र कोरडा करायलाही एकच वाक्य लागतं. म्हणून ती काटकसर तुम्हीच स्वतःवर लादायला हवी. मी असं लिखाण तपासताना आधी जादूच्या जागांवर खुणा करतो. एका प्रकरणात दोनपेक्षा जास्त दिसल्या तर गोष्ट कुठेतरी अडली आहे आणि लेखक जादूनं वाट काढतोय, असं समजतो. माझा हा अंदाज सहसा खरा ठरतो.

'आय ड्रीम ऑफ जीनी'चा उल्लेख इथे करायला हवा, कारण तिचा निर्माता आपल्या वाचनालयांत घरच्यासारखा आहे: सिडनी शेल्डन. ज्यांच्या थरारक कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद आपण पिढ्यान् पिढ्या वाचतो, त्यांनी पहिली कादंबरी 1970 मध्ये आणण्याआधी बाटलीतल्या जीनीची ही मालिका रचली आणि तिचे कितीतरी भाग लिहिले, काही टोपणनावांनी. मालिकेवरचं पेपरबॅक 1966 मध्ये पॉकेट बुक्सनं काढलं ते मात्र डेनिस ब्रूस्टर या नावानं. मालिकेच्या शेवटच्या हंगामात जीनीचं आणि तिच्या मालकाचं लग्न लावलं गेलं. शेल्डन यांचा त्याला विरोध होता, आणि ते बरोबर होते. हिला लपवायचं कसं, ही काळजी होती तोवर गोष्ट होती. मालिकेवरच्या कादंबरीलाही हेच बंधन असतं: शेवटच्या पानावर सगळी माणसं पहिल्या पानावर होती तिथे परत हवीत. लग्न लावायचं नाही, कुणाला मारायचं नाही, गुपित फोडायचं नाही. नव्या लेखकाला हे बेड्या घातल्यासारखं वाटतं. पण पाहुणं पात्र, म्हणजे त्या एका गोष्टीपुरतं आलेलं, तुमचं स्वतःचं असतं. त्याचं आयुष्य हवं तेवढं बदला, त्याला रडवा, त्याचं लग्न मोडा, लावा. घरची माणसं तशीच राहतील आणि गोष्टीला वजन येईल.

आता निवेदकाचा आवाज. माझ्या मते सगळ्या कामाचा निकाल इथे लागतो. पडद्यावर विनोद नटाच्या चेहऱ्यावर असतो, दोन वाक्यांमधल्या थांबण्यात असतो, ऐकणाऱ्याच्या प्रतिक्रियेवर असतो. कागदावर यातलं काहीच नाही. तिथे हसवतो तो सांगणारा. म्हणून सगळं वर्णन तिऱ्हाइताच्या कोरड्या भाषेत आणि मध्ये मालिकेतले संवाद, असं केलंत की पुस्तक संहितेसारखं वाटतं.

हे उत्तम जमलेलं पाहायचं तर ब्रिटनकडे वळा. 'रेड ड्वार्फ' ही अवकाशातली विनोदी मालिका बीबीसीवर 1988 मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या दोन निर्मात्यांनी, रॉब ग्रँट आणि डग नेलर यांनी, 'ग्रँट नेलर' असं एकच नाव घेऊन कादंबरी लिहिली. मालिकेत पहिल्याच भागात अपघात होतो आणि नायक तीस लाख वर्षांनी जागा होतो. कादंबरीत मात्र तो त्या यानावर पोचला कसा हेच आधी येतं: वाढदिवसाच्या रात्री दारू पिऊन शुद्ध हरपली, जाग आली ती शनीच्या एका चंद्रावर, खिशात दमडी नाही, घरी परतायला यानावर नोकरी धरण्याशिवाय इलाज नाही. त्याचा सहकारी रिमर अधिकारी होण्याची परीक्षा सारखी नापास होतो. कादंबरीत तो अभ्यासाचं वेळापत्रक इतकं देखणं बनवत बसतो की त्यातच अभ्यासाचे आठवडे संपतात, मग नवं वेळापत्रक. हे पडद्यावर दाखवणार कसं? माणूस टेबलापाशी बसून रंगीत पट्ट्या ओढतोय. गद्यात मात्र त्याची स्वतःशी चाललेली हुज्जत, दर वेळी नव्यानं केलेला निश्चय, सगळं ओघात येतं. वाचताना पोट धरून हसतो आणि त्या माणसाबद्दल वाईटही वाटतं.

दुसरा नमुना 'येस मिनिस्टर'चा. ती मालिका जादूची नाही, पण तिची युक्ती शिकण्यासारखी आहे. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी संहिता पुस्तकात उतरवताना मंत्री जिम हॅकरची रोजनिशी केली आणि स्वतः फक्त 'संपादक' झाले, मध्ये सरकारी टिपणं आणि पत्रं घालून. मालिकेत हॅकर फसतो ते आपण बाहेरून बघतो. रोजनिशीत तो आपण जिंकलो असं लिहितो, आणि पुढच्याच टिपणातून वाचकाला कळतं की तो पुरता गंडलाय. तीच कथा, पण हसायचं कारण आता कागदाचं स्वतःचं आहे. अमेरिकेत ली गोल्डबर्ग यांनी 'मंक'च्या कादंबऱ्या 2006 पासून लिहिल्या, त्यांत विक्षिप्त गुप्तहेराची गोष्ट त्याची मदतनीस नॅटली सांगते. तिचं वैतागणं आणि तिची माया एकत्र ऐकू येते, त्यामुळे त्याचा विक्षिप्तपणा कधी नुसता विनोदाचा ऐवज होत नाही.

आपल्याकडे ही वाहतूक बहुतेक उलट दिशेनं झाली, पुस्तकाकडून पडद्याकडे, आणि ती उलटी वाचली तर आपल्याला लागणारं सगळं त्यात सापडतं. चिं. वि. जोशींचा चिमणराव स्वतःच आपली हकिगत सांगतो आणि आपण किती हास्यास्पद झालोय याचा त्याला पत्ता नसतो. मुंबई दूरदर्शनवर ती मालिका झाली तेव्हा ते अजाणपण दिलीप प्रभावळकरांना चेहऱ्यात आणि खांदे पाडून चालण्यात शोधावं लागलं, शेजारी बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ उभा करावा लागला. पुढे प्रभावळकरांचंच 'अनुदिनी' हे रोजनिशीच्या घाटातलं लेखन 'श्रीयुत गंगाधर टिपरे' होऊन पडद्यावर आलं. तुम्ही एक करा: चिमणरावाची एखादी कथा आणि तिचा दूरदर्शनवरचा भाग शेजारी ठेवा. सांगणाऱ्याच्या कोणत्या वाक्यासाठी दिग्दर्शकानं कोणता चेहरा वापरला याची यादी करा. मग तीच यादी उलट्या बाजूनं वापरून तुमच्या मालिकेतल्या प्रत्येक चेहऱ्यासाठी एक वाक्य शोधा. मला याहून चांगला सराव माहीत नाही.

तुमच्या मालिकेचा निवेदक कोण, हे मी इथून सांगू शकणार नाही, पण जिच्याकडे जादू आहे ती व्यक्ती नको. घरातली शाळकरी मुलगी, शेजारचे निवृत्त काका, सगळं बघून गप्प राहणाऱ्या स्वयंपाकाच्या मावशी, यांतलं कुणीतरी घ्या. ज्याला अर्धंच कळतं असा सांगणारा उत्तम.

कामाच्या तयारीबद्दल थोडं. निर्मात्याकडून मालिकेचं बायबल मागा, म्हणजे पात्रांची माहिती, नाती, घराचा नकाशा, जादूचे नियम. बऱ्याचदा असं काही लिहिलेलंच नसतं, मग तुम्हीच करा. नुसत्या संहितांवर विसंबू नका. संहितेत एक असतं आणि सेटवर नट दुसरंच बोलतो, प्रेक्षकाच्या कानात तेच बसलेलं असतं. एका पुस्तकाच्या वेळी मला फक्त संहिता मिळाल्या होत्या. प्रत्यक्ष भाग पाहिल्यावर आजोबांच्या पात्राची बोलण्याची सगळी लकब बदलावी लागली, कारण ती नटानं स्वतः घडवली होती. आणि मालिकेच्या लेखकांशी एकदा तरी बसा. चित्रित न झालेल्या, खर्चिक म्हणून सोडून दिलेल्या कल्पना त्यांच्याकडे पडून असतात, आणि कागदावर त्याच उपयोगी पडतात.

करारात लक्ष घालायला लाजू नका. अमेरिकेत अशा पुस्तकांचा कॉपीराइट बहुधा स्टुडिओच्या नावे असतो आणि लेखकाला ठरलेली रक्कम मिळते. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं, त्यात कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश हे नमूद हवं. कलम 19 म्हणतं, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून समोरचा करार 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत' असाच येईल. निदान ऑडिओबुक आणि अनुवादाचा मोबदला वेगळा मागा. कलम 57 मुळे हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव लावून घ्यायचा तुमचा अधिकार राहतो. मुखपृष्ठावर नाव कसं आणि कुठे येणार, तेही लिहून घ्या. नटांचे फोटो वापरायची परवानगी ही प्रकाशकाची आणि निर्मात्याची जबाबदारी, ती तुमच्यावर ढकलणारं कलम असेल तर काढायला लावा. मंजुरीसाठी वाहिनी किती दिवस घेणार याला मर्यादा घाला, नाहीतर हस्तलिखित पडून राहतं आणि तोवर मालिका संपते.

तिसरा प्रश्न प्रतिष्ठेचा. दुसऱ्याच्या पात्रांवर लिहिणं कमी प्रतीचं असेल तर मग कीर्तनकारांना आणि संगीत नाटकांच्या निम्म्या लेखकांना आपण काय म्हणणार? पात्रं सगळ्यांची, सांगणं ज्याचं त्याचं. गोल्डबर्ग आणि मॅक्स अ‍ॅलन कॉलिन्स यांनी 2006 मध्ये अशा लेखकांची आंतरराष्ट्रीय संघटना काढली, ती दरवर्षी पुरस्कार देते. विल्यम जॉन्स्टनला तिचा ग्रँडमास्टर सन्मान 2010 मध्ये मिळाला, त्याच वर्षी तो गेला. तोवर त्याची पुस्तकं वाचून वाढलेली मुलं स्वतः लेखक झाली होती, आणि त्याला शोधून काढणाऱ्यांत तीच होती. तुमच्या पुस्तकाचा वाचक दहा-बारा वर्षांचा असण्याची शक्यता मोठी आहे. मालिकेच्या ओढीनं तो कदाचित आयुष्यातलं पहिलं सलग मराठी पुस्तक हातात घेईल. त्यासाठी वाक्य नीट घडवा, घाईत आलेलं इंग्रजी वळण काढून टाका, शिव्याशाप आणि म्हणी तुमच्या गावच्या वापरा.

पहिलं प्रकरण झालं की वाहिनीकडे पाठवण्याआधी दोन माणसांना वाचायला द्या. एक, मालिका कधीच न पाहिलेला. तो जिथे थांबून "हा कोण?" विचारेल, तिथे पात्राची ओळख अपुरी आहे. दुसरं, मालिका पाठ असलेलं मूल. ते "असं ती कधी करणार नाही" म्हणालं तर वाद घालू नका, ते वाक्य बदला. नियमांच्या बाबतीत मुलं वाहिनीच्या माणसांपेक्षा कडक असतात. या दोघांतून प्रकरण पार पडलं की मला पाठवा, मी नक्की वाचेन.